मुलींना रविवारच्या मॅरेथॉनला पाठवण्याआधी : क्रीडाशिक्षकांना खुले पत्र

माझ्या क्रीडाशिक्षक मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे शाळूची कोळपणी आणि मॅरेथॉनचा हंगाम एकदमच सुरू होतो. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाची पुण्यतिथी, कुठल्या पतसंस्थेची पंचविशी, तर कुठल्या मंडळाला अचानक तरुणांच्या आरोग्याची काळजी लागलेली असते. चौकात फ्लेक्स लागतो. वर नेत्यांचे चेहरे, खाली बक्षिसांचे आकडे, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात ‘14 वर्षांखालील मुली : 5 किमी’. मग संयोजकांचा आपल्याला फोन येतो, ‘मॅडम, तुमच्या शाळेतनं चाळीस पोरं तरी आली पाहिजेत.’ आपण यादी करतो, अर्जांवर सही करतो, शाळेचा शिक्का मारतो.

मी 29 वर्षं अशा सह्या केल्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता सहीचा अधिकार राहिला नाही, म्हणून पत्र लिहितेय.

तो रविवार तुम्हाला माझ्याइतकाच पाठ आहे. साडेसहाला मुलं हजर. थंडीत कुडकुडत, आणि रिकाम्या पोटी, कारण ‘पळायच्या आधी काही खाऊ नये’ हे आपणच त्यांना सांगितलेलं. साहेब येतात सव्वाआठला. तोवर डीजे, तोवर टी-शर्टाच्या रांगेत ढकलाढकली, आणि मापं संपली म्हणून सहावीतल्या पोरीच्या गुडघ्यापर्यंत येणारा एक्सएल. एकदाचा हिरवा झेंडा हलतो आणि अडीचशे पोरं एका अरुंद डांबरी रस्त्यावर सुटतात. पुढं फोटोवाला असतो, त्यामुळे पहिले दोनशे मीटर सगळेच जीव खाऊन पळतात. फोटोवाल्याच्या पुढं कार्यकर्त्यांच्या चार मोटारसायकली, आणि त्यांच्या धुरात तोंड घालून पहिली मुलगी. अंतर कुणी मोजलेलं नसतं. पाच म्हणतात ते कधी साडेतीन भरतं, कधी सात. मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर, हे त्या स्टेजवरच्या कुणाला विचारूच नका. आपल्याकडे चार माणसं एका दिशेनं पळाली की ती मॅरेथॉन.

मी शालेय स्पर्धांना मुलं घेऊन जायचे, तेव्हा 14 वर्षांखालील मुलींना 600 मीटरच्या पुढची शर्यतच नसायची. ज्यांनी ते नियम केले त्यांनी काहीतरी विचार करूनच केले असणार. मुंबईसारख्या मोठ्या मॅरेथॉनलाही पूर्ण अंतर पळायला वयाची 18 वर्षं पुरी असावी लागतात. म्हणजे बुधवारी तालुक्याच्या मैदानावर जिला आपण 600 मीटरपुढं पळू देत नाही, तिलाच रविवारी डांबरावर पाच किलोमीटर सोडतो. दोन्ही अर्जांवर सही आपलीच.

माझं मागणं एवढंच, की सोळा वर्षांच्या आतल्या मुलींसाठी ही रविवारची पाच किलोमीटरची सही बंद करा. का, ते सांगायला मी एका धावपटूची कारकीर्द तुमच्यापुढं मांडणार आहे. तिचा फोटो तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेच्या व्हरांड्यात लावलेला असेल. पण फोटोखालच्या दोन ओळींत ती कारकीर्द मावत नाही, आणि जे मावत नाही तेच आपल्या कामाचं आहे.

ललिता बाबर. माण तालुक्यातल्या मोहीची. आज त्या शासनात अधिकारी आहेत, तेव्हा ‘त्या’ म्हणायला हवं, पण धावण्याबद्दल बोलताना माझ्या तोंडात ‘ती’च येतं. माफ करा.

तिचा जन्म 1989चा. लहानपणापासून लांब पल्ल्याचीच. 2005 साली पुण्यात 20 वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत तिनं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आपल्या शाळेतल्या सोळा वर्षांच्या मुलीला असं पदक मिळालं असतं तर आपण काय केलं असतं? मिरवणूक काढली असती, आणि पुढच्या आठ रविवारांना आठ गावांत नेली असती. ललिताचं नाव घराघरात पोचलं ते त्यानंतर सात वर्षांनी. 2012, 2013 आणि 2014, सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. खरीखुरी मॅरेथॉन, 42 किलोमीटरची. मधली सात वर्षं बातम्यांत फार दिसत नाहीत. पण धावपटू घडतो तो त्याच न दिसणाऱ्या वर्षांत, आणि आपल्या हातात पोरी असतात त्याही नेमक्या त्याच वर्षांत.

याच्या पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जानेवारी 2014 मध्ये मुंबईची हॅट्ट्रिक झाली. वय चोवीस पुरं, पंचविसावं चालू. आता हिनं मॅरेथॉनच पळत राहावी असं कुणीही म्हटलं असतं. नाव झालं होतं, बक्षिसं होती. पण आशियाई पातळीवर पदक हवं तर वाट दुसरी आहे हे ओळखून ती 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळली. 42 किलोमीटरवरून तीन किलोमीटरवर. प्रशिक्षक होते बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव. सुधा सिंग, कविता राऊत यांनाही त्यांनीच घडवलं. 2021 मध्ये पतियाळात, कामावर असतानाच ते गेले.

स्टीपलचेस आपल्यातल्या अनेकांनी फक्त टीव्हीवर पाहिलीय, म्हणून जरा सविस्तर सांगते. तीन हजार मीटरमध्ये 35 वेळा अडथळा ओलांडायचा. त्यातले 28 कोरडे आणि सात पाण्याचे. महिलांसाठी अडथळ्याची उंची 76.2 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या वर्गातल्या बाकाएवढी. आणि हा अडथळा हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही. जाड लाकडी तुळई असते ती. तिला गुडघा आपटला तर गुडघाच जातो. पाण्याच्या अडथळ्यामागं साडेतीन मीटरहून जास्त लांब खड्डा असतो. तो अडथळ्याजवळ खोल, पुढं उथळ होत जाणारा. जाणकार धावपटू तुळईवर एक पाय देऊन पुढं झोकून देतो आणि खड्ड्याच्या उथळ कडेला एका पायावर उतरतो. थकलेला धावपटू जवळच उतरतो, म्हणजे खोल पाण्यात. मग ओला बूट, जड पाय, मोडलेली लय. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्याच छान उड्या मारतात. सहाव्या-सातव्या फेरीत कळतं, कुणाच्या मांड्यांत अजून काय शिल्लक आहे.

दुष्काळी माणची पोरगी आणि पाण्यावरची उडी, यावर कुणालाही चार ओळी सुचतील. मला सुचतो तो सराव. अशी उडी दोन्ही पायांनी घेता आली पाहिजे, कारण अडथळा समोर येतो तेव्हा कुठला पाय पुढं असेल ते आपल्या हातात नसतं. नुसतं सरळ रस्त्यावर पळून ते येत नाही. खो-खोत पाठलाग करणारी, झपकन दिशा बदलून खांबाला वळसा घालणारी, दोरीउड्या आणि लंगडी खेळणारी मुलगी दोन्ही पाय वापरायला आपोआप शिकते. आणि आपण काय करतो? मुलगी लांब पळते असं दिसलं की पहिल्यांदा तिचा खो-खो बंद करतो. ‘पाय मुरगाळेल, तू फक्त पळ.’ हे वाक्य मी स्वतः कितीदा बोलले असेन!

ललितानं स्पर्धाप्रकार बदलला त्याच वर्षी, सप्टेंबर 2014 मध्ये, इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तिनं 9 मिनिटं 35.37 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्या दिवशी तिथं एक विचित्र प्रकार झाला. पहिली आलेली बहारीनची रूथ जेबेट आधी बाद ठरली, त्यामुळे ललिताला रौप्य आणि चौथ्या आलेल्या सुधा सिंगला कांस्य मिळणार असं झालं. नंतर तो निर्णय फिरला. ललिता कांस्यावर आली, सुधाच्या हातातलं पदक गेलं. दोघींच्या वेळेत फरक तीन दशांश सेकंदांपेक्षा कमी. तीन हजार मीटर, 35 अडथळे, आणि शेवटी पापणी लवायला लागतो तेवढा फरक.

2015च्या जानेवारीत ती पुन्हा मुंबईला पळाली. वर्षभर उड्या मारून आलेली बाई! आदल्या वर्षी ती 2 तास 50 मिनिटांच्या आसपास होती. या वेळी ओ. पी. जैशाच्या मागोमाग दुसरी आली, पण वेळ होती 2 तास 38 मिनिटं 21 सेकंद. सगळं श्रेय अडथळ्यांना देण्याइतकी मी भाबडी नाही. प्रशिक्षण बदललं होतं, सोबतीला तोलामोलाच्या धावपटू होत्या. तरी ‘इकडंतिकडं लक्ष दिलं तर मूळचं धावणं बिघडतं’ असं जे आपण पालकांना छातीठोकपणे सांगतो, त्याला तिच्या त्या बारा मिनिटांपुढं काय उत्तर आहे ते मला सांगा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, भराभर सांगते. 2015 मध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, 9 मिनिटं 34.13 सेकंद. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी आणि आठवा क्रमांक. 2016 मध्ये रिओ. ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंद, आपल्या हीटमध्ये, म्हणजे गटात, ती चौथी आली आणि वेळेच्या जोरावर अंतिम फेरीत गेली. 1984 मध्ये लॉस एंजलिसला पी. टी. उषा 400 मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत पळाली होती. त्यानंतर 32 वर्षांनी कुणी भारतीय महिला प्राथमिक फेरी पार करून ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीच्या रेषेवर उभी होती. तारीख 15 ऑगस्ट. सकाळी झेंडावंदन, कवायत, बुंदीचं वाटप उरकून मी दमून घरी पडले होते आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसले. जेबेट सुरुवातीपासूनच निघून गेली होती, कॅमेरा तिच्यामागं. निळ्या कपड्यांतली ललिता मागच्या घोळक्यात मधूनच दिसायची, मधूनच गायब. मी खड्डा आला की तिचे पाय शोधत होते. ती दहावी आली, 9 मिनिटं 22.74 सेकंद. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘दहावी? मग काय मिळालं?’ मला त्यांना उत्तर देता आलं नाही. आज देईन.

त्या वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, स्टीपलचेस सुरू करून जेमतेम अडीच वर्षं झालेली. त्यानंतर मात्र तिचं धावणं फार लांबलं नाही. शासनानं तिला उपजिल्हाधिकारी पदावर घेतलं. तिचा विक्रम पारुल चौधरीनं 2023 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मोडला. मला राहून राहून वाटतं, हा स्पर्धाप्रकार तिला एकविसाव्या वर्षी सापडला असता तर? यात तिचा दोष नाही. ती पुण्यात पहिलं सुवर्ण जिंकत होती तेव्हा महिलांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्येच नव्हती. ती आली 2008 मध्ये. आपली मुलं ज्या मैदानांवर वाढतात तिथं तर पाण्याचा खड्डा पावसाळ्यात आपोआप होतो तेवढाच.

आता तुम्ही म्हणाल, बाई, ललिता लहानपणापासून लांबच पळत होती हे तुम्हीच सांगितलंत. मग आमच्या पोरी पळाल्या तर काय बिघडलं?

बरोबर आहे. यावर मी पुष्कळ विचार केलाय. एक तर, जी पोचते ती आपल्याला दिसते. जी पंधराव्या वर्षी रस्त्याच्या कडेला नडगी धरून बसली तिचा फोटो कुणाच्या व्हरांड्यात नसतो. अशी एक मला माहीत आहे, कारण तिच्या अर्जांवर माझी सही होती.

नाव सांगत नाही. वस्तीवरून यायची. सातवीत होती तेव्हा मी तिला मैदानाला दहा फेऱ्या घालताना पाहिली आणि माझे डोळे लकाकले. दोन हिवाळ्यांत तिनं अकरा स्पर्धा मारल्या. अकरा पाकिटं. कधी 501, कधी 1001, एकदा 3001. मी तिला स्कूटीवरून न्यायचे. परत येताना ती मागं बसून पाकीट फ्रॉकच्या आत धरायची. वाऱ्यानं उडू नये म्हणून.

नववीत तिची नडगी दुखायला लागली. मी क्रेप बँडेज बांधलं, मलम चोळलं आणि ‘दुखणं पळूनच जातं’ म्हणाले. आणखी दोन स्पर्धा झाल्या. तिसऱ्या वेळी ती निम्म्या वाटेवर खाली बसली. एक्स-रे काढला तर हाडाला केसाएवढी चीर. डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली आणि तिला विचारलं, ‘पाळी कधी आली होती?’ ती माझ्याकडं बघायला लागली. आठ महिने आली नव्हती. तिला वाटत होतं, बरंय, स्पर्धेत अडचण होत नाही. मी बाई आहे, तिची शिक्षिका आहे, दोन वर्षं दर रविवारी तिच्याबरोबर होते, आणि हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते मी शिकले असतानाही विसरले होते. वाढीच्या वयात पळणं वाढलं आणि पोटात तेवढं गेलं नाही, तर शरीर काटकसर करायला लागतं. पहिल्यांदा पाळी थांबवतं. पाळी थांबली की हाडांना मिळायचं ते मिळत नाही, आणि हाडं भरायची वर्षं तर नेमकी हीच. त्यात रक्त कमी. सकाळी चहा-बटर, दुपारी शाळेतली खिचडी, रात्री भाकरी आणि पातळ कालवण, यावर आठवड्याला चाळीस किलोमीटर. बाकी सगळं तुम्ही जाणता.

ती पुन्हा पळाली नाही. तीन महिन्यांत हाड भरलं होतं, पण मन भरलं नाही. आज ती दोन मुलांची आई आहे. माझ्या निरोपसमारंभाला आली होती. म्हणाली, मॅडम, ती पाकिटं अजून ट्रंकेत आहेत. पैसे तेव्हाच गेले, रिकामी पाकिटं ठेवलीत, नेत्यांच्या फोटोंसकट. मी विचारलं, पैशांचं काय केलं होतंस? तर 3001ची शेळी घेतली होती. त्या शेळीचा वंश अजून तिच्या माहेरी आहे.

ही शेळी मला गप्प बसवते, हे कबूल करते. ज्या घरात रोख पैसा वर्षातून दोनदा दिसतो, तिथं पोरीनं आणलेलं पाकीट ही साधी गोष्ट नाही. त्या पाकिटानं तिचा घरातला मान वाढला, तिचं लग्न दोन वर्षं लांबलं असंही ती म्हणाली. तेव्हा ‘स्पर्धाच बंद करा’ असं मी म्हणत नाही. संयोजकांना पैसे वाटायचेच आहेत, तर लहान गटाला दीड-दोन किलोमीटर ठेवा आणि बक्षीस तेवढंच ठेवा. शेळी पाच किलोमीटरलाच मिळते असं थोडंच आहे? हे संयोजकांना सांगायचं कुणी, तर आपण. चाळीस पोरं पुरवणारे आपण आहोत. पोरंच नसली तर झेंडा कुणाला दाखवणार?

आणि घाई नक्की कशाची? अविनाश साबळे पाहा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर लष्करात गेला आणि शर्यतीचं धावणं तिथं, विशी गाठल्यावर सुरू झालं. पुढं 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंच्या रांगेत घुसून स्टीपलचेसचं रौप्य. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरचं कांस्य जिंकली तेव्हा पंचवीस वर्षांची होती, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. यांच्यापैकी कुणाचंही नाव तेराव्या वर्षीच्या पाकिटावरून आपल्याला कळलेलं नाही.

करायचं काय, हे मी तुम्हाला शिकवावं असं नाही. पण शेवटच्या चार वर्षांत मी जे केलं ते सांगते. मोडक्या बाकांचे दोन सांगाडे घेतले, त्यांवर आडवा बांबू बांधला, मांडीच्या उंचीवर. असे चार अडथळे मैदानात ठेवले. उंच उडीची वाळू होती, तिच्या अलीकडं पाचवा. हीच आमची स्टीपलचेस. लांब पळणाऱ्या मुलींना आठवड्यातून दोन दिवस हे, दोन दिवस खो-खो, आणि पळणं डांबर सोडून गायरानातून. पहिल्या दिवशी सगळ्या एकाच पायानं उडी मारत होत्या, उजव्या. अडथळा चुकीच्या पायावर आला की थांबायच्या, पाऊल बदलायच्या, मग उडी. दिवाळीपर्यंत थांबणं गेलं. खर्च शून्य. मुख्याध्यापकांनी बांबूबद्दल विचारलं तेव्हा गणपतीच्या मंडपाचा उरलाय म्हणून सांगितलं. खरंच उरलेला होता.

दुसरं म्हणजे एक वही. प्रत्येक मुलीचं पान. त्यात अंतर, दुखणं आणि पाळीची तारीख. ज्या शाळेत क्रीडाशिक्षक पुरुष आहेत, तिथं ही वही एखाद्या बाईंकडं द्या. लाजू नका. जो शिक्षक पोरीच्या पायाला हात लावून नडगी तपासतो त्याला हे लाजायचं कारण नाही. सलग दोन महिने पान कोरं दिसलं की पळणं निम्मं करायचं, आईला बोलवायचं आणि दवाखान्यात पाठवायचं.

आणखी एक. निवृत्त धावपटूंना आपण बोलावतो ते शाल-श्रीफळ देऊन खुर्चीत बसवायला. भाषण मागतो, ‘यशाचा मंत्र सांगा’ म्हणतो. पुढच्या वेळी त्यांना मैदानावर न्या आणि खुर्ची ठेवूच नका. पोरींना त्यांना विचारू द्या, की पहिल्यांदा खड्ड्यात पडलात तेव्हा कुठं लागलं, दुखत असताना किती दिवस थांबलात, पंधराव्या वर्षी आठवड्याला किती पळत होता. ललितासारख्या धावपटूच्या डोक्यात 35 अडथळ्यांचं जे गणित आहे ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. आणि आपण तिच्या हातून रोपं लावून घेतो.

परवाच आमच्या गावातल्या संयोजकांना भेटून आले. माझाच जुना विद्यार्थी आहे, त्यामुळे चहा लगेच आला. लहान मुलींचं अंतर दोन किलोमीटर करा, सुरुवात साडेसातच्या आत करा, साहेबांना उशीर झाला तर झेंडा सरपंचबाईंच्या हातात द्या, आणि पळायच्या आधी पोरांना केळी द्या, एवढं सांगितलं. केळ्यांना तो लगेच तयार झाला. झेंड्याचं बघतो म्हणाला. अंतरावर मात्र अडला. डोकं खाजवत म्हणाला, ‘पण मॅडम, दोन किलोमीटरला मॅरेथॉन कसं म्हणायचं?’

मी म्हटलं, पाचाला म्हणतोसच की!

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
सातारा जिल्हा